सीमाभागातून परदेशी क्रिमिनॉलॉजीला: कुठून सुरुवात करायची

क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेशास्त्र, शिकून कुणी फौजदार होत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आपल्याकडं पोरानं किंवा पोरीनं हा विषय काढला की घरातून पहिला प्रश्न येतो तो हाच: "म्हणजे परत येऊन पीएसआय होणार काय?" कर्नाटकात पीएसआयच्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्यासाठी इंग्लंडला जायचं कारण नाही. आयपीएस व्हायचं तर यूपीएससी आहे आणि तिच्या वैकल्पिक विषयांत समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा हे विषय आहेत, क्रिमिनॉलॉजी नाही. तिकडच्याच पोलिसात शिरायचा बेत असेल तर तोही सोडा. ब्रिटनमध्ये त्यासाठी वास्तव्यावर मुदतीचं कसलंही बंधन नसावं लागतं, कॅनडा-ऑस्ट्रेलियात साधारणपणे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य. स्टुडंट व्हिसावाल्याचं तिथं काम नाही.

मग शिकवतात काय? गुन्हा का घडतो, कशाला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं, तुरुंगातून माणूस सुधारून येतो की बिघडून, पोलीस कुणाला हटकतात आणि कुणाला सोडतात. आणि आकडे. आपल्याकडं एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, अहवाल पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांवर उभा असतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून त्याच्या जोडीला लोकांनाच विचारतात की गेल्या वर्षभरात तुमच्यावर काय गुजरलं, तक्रार केली असो वा नसो. दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. पेपरात 'गुन्हे वाढले' असं छापून येतं तेव्हा खरंच गुन्हे वाढले की फक्त नोंद वाढली, हा प्रश्न तुम्हाला आपोआप पडत असेल तर हा विषय तुमचा. बोटांचे ठसे, डीएनए, रक्ताचे डाग यांत रस असेल तर तुम्हाला फॉरेन्सिक सायन्स हवं आहे. ती वेगळी वाट, आणि तिला बहुतेक ठिकाणी बी.एस्सी. लागते.

पहिली पायरी: आधी धारवाडला जाऊन या

परदेशाचा विचार करण्याआधी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात एक चक्कर मारा. तिथं क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचा पदव्युत्तर विभाग आहे, आणि आपल्या भागातल्या काही कॉलेजांत बी.ए.ला क्रिमिनॉलॉजी हा ऐच्छिक विषयही मिळतो. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, म्हणजे टिसमध्ये, सोशल वर्कच्या अंगानं हा विषय शिकवतात. कैदी, त्यांची कुटुंबं, पुनर्वसन यांच्यासोबत काम करायचं असेल तर माझ्या मते बऱ्याच परदेशी एम.ए.पेक्षा ते जास्त कामाचं. कायद्याकडं ओढा असेल तर बेळगावातच १९३९ पासूनचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे.

हे सगळं बघूनही बाहेर जावंसं वाटलं तर त्यामागं एक ठोस कारण हवं: संशोधनाच्या पद्धती, सांख्यिकी, पोलीस किंवा तुरुंग या विषयांवर काम करणारा एखादा विशिष्ट विभाग. 'फॉरेनची डिग्री' हे कारण नव्हे. व्हिसा अधिकाऱ्याला तर ते अजिबात पटत नाही.

सेकंड पी.यू., म्हणजे बारावी, झाल्या झाल्या बाहेर पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांची परदेशी फी म्हणजे घर विकण्याची गोष्ट. समाजशास्त्र, मानसशास्त्र, क्रिमिनॉलॉजी, कायदा यांपैकी कशात तरी इथं पदवी घ्या आणि मास्टर्सला जा.

दुसरी पायरी: देश

आपल्याकडची बहुतेक मुलं ब्रिटनच बघतात आणि ते चूक नाही, कारण मास्टर्स एका वर्षात संपतं. केंब्रिजची इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजी १९५९ पासूनची. ऑक्सफर्डचं केंद्र आहे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. पण मँचेस्टर, लेस्टर, लीड्स, कार्डिफ, एडिंबरा इथलेही अभ्यासक्रम चांगले आहेत आणि तिथं प्रवेशाची शक्यता जास्त. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचं ग्रिफिथ, कॅनडात सायमन फ्रेझर आणि टोरांटो, अमेरिकेत ऑल्बनी आणि मेरीलँड ही या विषयातली मोठी नावं. अमेरिकेत मास्टर्स साधारण दोन वर्षांचं, आणि हा विषय तिथं सहसा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत येत नाही, त्यामुळं शिक्षणानंतर कामाला एकच वर्ष मिळतं. शिवाय तिथली काही विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. कर्नाटकात मध्यंतरी चार वर्षांची पदवी आली आणि २०२४ मध्ये पुन्हा तीनवर आली, तेव्हा तुमची बॅच कुठल्या पद्धतीतली आहे हे अर्जात नीट लिहा. पुढचं सगळं ब्रिटन धरून लिहितो.

एक सूचना कन्सल्टन्सीवाल्यांबद्दल. 'आमची फी नाही' म्हणतात तेव्हा त्यांना कमिशन विद्यापीठाकडून मिळत असतं. त्यामुळं ज्या विद्यापीठांशी त्यांचं जमतं तीच नावं तुमच्यापुढं येतात. फॉर्म भरून घ्यायला त्यांची मदत जरूर घ्या, पण विद्यापीठांची यादी तुमची तुम्ही करा. प्रत्येक अभ्यासक्रमाचे मॉड्यूल वाचा. ज्यात रिसर्च मेथड्स सक्तीचं नाही तो अभ्यासक्रम मी यादीतून काढून टाकेन.

तिसरी पायरी: कागद

सप्टेंबरला जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या गणपतीनंतर कागदांना हात घाला. सीमाभागातल्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो, कारण आपले कागद दोन राज्यांत आणि तीन भाषांत विखुरलेले असतात.

एक नमुना बघा. मुलीचा जन्म आजोळी, गडहिंग्लजला, जन्मदाखला मराठीत. शाळा खानापूरला, त्यामुळं एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर तिचं नाव आणि पुढं एक आद्याक्षर, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पदवीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी. बँकेच्या पासबुकात वडिलांचं नाव 'मारुती', जन्मदाखल्यावर 'मारूतीराव'. गावात यानं कुणाचं काही अडत नाही. व्हिसाच्या अर्जात मात्र या सगळ्यांतून ही एकच मुलगी आणि ते एकच वडील आहेत हे सिद्ध करावं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पासपोर्ट. त्यावरचं नाव दहावीच्या मार्क्स कार्डाशी जुळवा, आद्याक्षर असेल तर पूर्ण लिहून घ्या आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. बेळगावच्या पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट केंद्रात अर्ज होतो, फाईल बेंगळुरूच्या अखत्यारीत असते. चंदगड, गडहिंग्लजकडचा पत्ता असेल तर तीच फाईल पुण्याच्या अखत्यारीत जाते. सध्याचा आणि कायमचा पत्ता दोन राज्यांत असेल तर पोलीस पडताळणी रेंगाळू शकते, त्यामुळं जिथं खरोखर राहता तोच पत्ता द्या. पासपोर्ट आला की बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे. किरकोळ फरकाला नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट पुरतं, मोठ्या बदलाला राजपत्रात नाव छापून घ्यावं लागतं.

जुन्या कागदांवर 'बेळगाव' आणि नव्यांवर 'बेळगावी' दिसेल, कारण सरकारी बदल १ नोव्हेंबर २०१४ ला झाला. यावर कुणी अर्ज फेटाळत नाही. तरी एका ओळीचा खुलासा जोडलेला बरा.

मराठी किंवा कन्नड दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते करणाऱ्यानं स्वतःचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'हे मुळाबरहुकूम आहे' असं विधान खाली लिहायचं असतं. ओळखीच्या मास्तरांनी कोऱ्या कागदावर करून दिलेलं भाषांतर चालत नाही.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, विद्यापीठ नीट ओळखा. भुतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झालं. त्याआधी पदवी घेतलेल्यांची सगळी नोंद धारवाडला आहे, भुतरामनहट्टीला खेटे घालून उपयोग नाही.

इंग्रजीची परीक्षा म्हणजे आयईएलटीएस किंवा तत्सम. या विषयाला ६.५ ते ७.५ मागतात, आणि निकाल दोन वर्षं चालतो. काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे मार्क्स बघून परीक्षा माफ करतात, पण बोर्डागणिक अट वेगळी असते. कर्नाटक पी.यू. बोर्डाला काय लागू आहे तेच बघा, महाराष्ट्र बोर्डाच्या मित्राला जे लागू झालं ते नव्हे. मराठी माध्यमातल्या मुलांना बोलण्यापेक्षा लिहिण्याचा भाग जड जातो. तिथंच तयारी जास्त करा, पुढचं सगळं वर्ष लिहिण्यातच जाणार आहे.

चौथी पायरी: एसओपी, म्हणजे तुमचा प्रश्न

एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, हाच विषय का शिकायचा हे सांगणारं अर्जासोबतचं टिपण. 'लहानपणापासून टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका आवडतात' या वाक्यानं सुरू होणारा एसओपी वाचणारा पुढं वाचतो तो निव्वळ सौजन्यापोटी. विद्यापीठाला हवा असतो एक प्रश्न, आणि तो विचारायला तुम्हीच का योग्य आहात याचं कारण. या बाबतीत आपण पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा श्रीमंत आहोत.

उदाहरणच घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात त्याची खबर घ्यावी लागते. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. आता शिनोळीला कुणाची मोटारसायकल गेली आणि त्यानं बेळगावातल्या ठाण्यात तक्रार दिली. जबाब कन्नडात लिहिला जाणार, फाईल चंदगडला जाणार, तिथं ती मराठीत वाचली जाणार. फिर्यादीनं सही केलेला कागद त्याला स्वतःला वाचता येतो का? दोन राज्यांच्या ठाण्यांमध्ये फाईल किती दिवस पडून राहते? कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. सीमेवर राहणाऱ्याला हा प्रश्न सुचतो, बाकीच्यांना नाही.

दुसरा विषय इतिहासाचा. इंग्रजांनी १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला आणि पुढं अनेक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सोलापूर आणि हुबळीला त्यांच्या सेटलमेंट होत्या, कायदा गेला १९५२ मध्ये. क्रिमिनॉलॉजीत 'लेबलिंग' नावाचा सिद्धांत शिकवतात, म्हणजे समाजानं शिक्का मारला की माणूस त्या शिक्क्याप्रमाणं कसा ढकलला जातो. तो सिद्धांत पुस्तकातून शिकणारा विद्यार्थी वेगळा, आणि पारधी वस्तीवर चोरीनंतर सगळ्यात आधी गाडी का येते हे बघत मोठा झालेला वेगळा. सौंदत्तीच्या डोंगरावरची देवदासी प्रथा आणि कर्नाटकाचा १९८२ चा बंदी कायदा, चोर्ला घाटातून येणारी गोव्याची स्वस्त दारू, असे विषय तर हात लावाल तिथं आहेत.

एकच प्रश्न घ्या. त्यावर आधी काय लिहिलं गेलंय त्यातलं थोडं वाचा, आणि तो प्रश्न त्या विद्यापीठातल्या कुठल्या मॉड्यूलशी जुळतो ते नावानिशी लिहा. सीमावादावर स्वतःची बाजू मांडायची ही जागा नव्हे. आपल्यातल्या पुष्कळांचा हात तिकडं वळतो म्हणून सांगतो. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विद्यापीठाकडून थेट ईमेल जातो. त्यांचा कॉलेजचा ईमेल चालू आहे का ते आधी विचारून घ्या, नाहीतर लिंक पडून राहते आणि मुदत निघून जाते.

पाचवी पायरी: पैसे

या विषयाच्या एक वर्षाच्या मास्टर्सची फी परदेशी विद्यार्थ्याला साधारण १८,००० ते ३०,००० पौंड पडते, नामांकित ठिकाणी त्याहूनही जास्त. राहण्या-खाण्याचे पैसे व्हिसासाठी वेगळे दाखवावे लागतात: नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड, लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड, अधिक भरायची राहिलेली फी. शिवाय आरोग्य सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड. बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला व्हिसाची मुदत धरून तो दीड वर्षाचा, १,१६४ पौंड होतो. हे दर बदलत राहतात, अर्ज भरताना ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावरचाच आकडा धरा.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच असते: पैसा असतो, पण तो सोसायटीत असतो. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं, आणि तिथलं पासबुक व्हिसाला दाखवणं म्हणजे नकार ओढवून घेणं. ठेव मोडून राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आणा, आणि तीही दोन-तीन महिने आधी, कारण अचानक जमा झालेल्या मोठ्या रकमेवर प्रश्न निघतो. खातं वडिलांचं किंवा आईचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं. नावं जुळवायला सांगितली ती याचसाठी. काका-मामाच्या खात्यातली रक्कम चालत नाही, मग ते कितीही सख्खे असोत.

कर्जाचं म्हणाल तर साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका बहुधा तारण मागतात, आणि बऱ्याच बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. चार एकर ऊस असून उपयोग नाही, एन.ए. झालेला प्लॉट, घर किंवा एफ.डी. लागते. प्लॉटचे कागद कन्नडात असले तर इथल्याच शाखेत कर्ज करा. कोल्हापूरच्या शाखेतल्या पॅनेलच्या वकिलाला ते वाचता येणार नाहीत आणि फाईल महिनाभर तिथंच बसेल. बाहेर पाठवलेली रक्कम वर्षात दहा लाखांच्या वर गेली तर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवली तर कापत नाही. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो.

शिष्यवृत्तीत चेव्हनिंग सगळ्यात मोठी, पूर्ण खर्च देते. तिला दोन वर्षांच्या नोकरीचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. जे. एन. टाटा एंडाउमेंट ही १८९२ पासूनची संस्था कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आणि कर्नाटकाची प्रबुद्ध योजना आहे. महाराष्ट्राच्या योजनांच्या मागं लागण्याआधी अधिवासाची अट बघा: महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात काही प्रवेशांत जागा असतात, पण म्हणून परदेशी शिष्यवृत्तीही मिळेल असं धरून चालू नका. संबंधित खात्याकडून लेखी उत्तर घ्या.

सहावी पायरी: व्हिसा

अटी पूर्ण झाल्या, डिपॉझिट भरलं की विद्यापीठ कॅस क्रमांक, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा व्हिसासाठीचा क्रमांक, देतं. तो आल्यावर अर्ज. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी सहा महिन्यांच्या आत तो करता येतो आणि निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. टीबीची तपासणी ब्रिटननं नेमलेल्या क्लिनिकमध्येच करावी लागते, घरच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. बायोमेट्रिकचं केंद्रही बेळगावात नाही. मुंबईत किंवा बेंगळुरूला दोन्ही गोष्टींच्या तारखा लागून घ्या, म्हणजे एका फेरीत काम होतं. टीबीचा दाखला सहा महिने चालतो.

मुलाखतीचा फोन आला तर एसओपीत लिहिलेलंच सांगायचं आहे, म्हणून तो स्वतः लिहिलेला असला पाहिजे. लग्न झालेल्यांनी हेही लक्षात घ्या: जानेवारी २०२४ पासून टॉट (वर्गात शिकवल्या जाणाऱ्या, संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला नवरा-बायको-मुलांना सोबत नेता येत नाही.

तिथं पोचल्यावर

पहिल्या निबंधाला ५८ मार्क पडले की रडू नका. तिथं मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. इथं ८५ टक्के घेतलेल्यांना हा धक्का बसतोच. मार्क कापले जातात ते बहुधा माहिती कमी म्हणून नाही, तर लेखकानं म्हटलंय ते जसंच्या तसं मांडलं आणि त्याच्याशी वाद घातला नाही म्हणून. आपल्याला गाईडमधलं उत्तर पाठ करायची सवय, तिथं तेच केलं तर साहित्यचोरीचं प्रकरण होतं. नोट्स काढतानाच कुठलं वाक्य कुणाचं हे लिहून ठेवा.

वाचनात बलात्कार, बालशोषण, खून हे सगळं तपशिलानं येतं, आठवड्यामागून आठवडे. विद्यापीठात समुपदेशन असतं, ते वापरायला लाज कसली. घरी फोनवर रोज सगळं सांगत बसू नका, आई उगाच घाबरते.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. ही मर्यादा ओलांडली तर व्हिसाच जाऊ शकतो.

प्रबंधाचा विषय डिसेंबरातच ठरवा. हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन कैद्यांच्या मुलाखती घेईन, असा उत्साह बऱ्याच जणांना असतो. कैदी हे संशोधनात असुरक्षित गट मानले जातात. विद्यापीठाच्या एथिक्स समितीची मंजुरी आणि वर कर्नाटक कारागृह खात्याची परवानगी, हे दोन्ही उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत बसत नाही. त्याऐवजी न्यायालयांचे प्रसिद्ध निकाल, एनसीआरबीच्या तुरुंगांवरच्या अहवालातली आकडेवारी किंवा निवृत्त अधिकारी, वकील यांच्या मुलाखती घ्या. तुरुंगाचं काम पीएच.डी.साठी राखून ठेवा.

नोकरी

शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती मुदत अठरा महिने आहे. त्या काळात स्पॉन्सर करणारी नोकरी या विषयात मिळणं अवघड, हे गृहीत धरूनच कर्जाचा हप्ता मोजा. परत आल्यावर बेंगळुरू-पुण्यात बँका आणि आयटी कंपन्यांचे फ्रॉड आणि मनी लाँडरिंग तपासणारे विभाग, संशोधन संस्था, तुरुंग आणि बालहक्कांवर काम करणाऱ्या संस्था यांत वाव आहे. तिथं मुलाखतीत क्रिमिनॉलॉजीचे सिद्धांत कुणी विचारत नाही, एक्सेल आणि आकडेवारीचं पॅकेज येतं का हे विचारतात.

कॉलेजात शिकवायचं असेल तर यूजीसी नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला मान्यता देण्याचा करार जुलै २०२२ मध्ये झालेला आहे, तरी नोकरीच्या अर्जाला समकक्षतेचं प्रमाणपत्र मागतात. त्यासाठी अभ्यासक्रमाचा तपशील, प्रत्येक मॉड्यूलचे क्रेडिट आणि ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन मूळ प्रती विद्यापीठ सोडण्याआधीच घेऊन ठेवा. इथून ईमेल करून मागवायला महिने जातात आणि दर प्रतीला पौंडांत पैसे मोजावे लागतात.